न्या. बद्रुद्दीन तय्यबजी : ‘पहिलेपणा’च्या पलीकडचा वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याचे सार्वजनिक जीवन ज्या मोजक्या व्यक्तींनी घडविले, त्यांत न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष, मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती आणि तेथे हंगामी सरन्यायाधीश म्हणून काम पाहणारे पहिले भारतीय, अशी त्यांची ओळख शालेय पुस्तकांपासून गौरवग्रंथांपर्यंत सर्वत्र आढळते. ही सर्व विधाने खरी आहेत. परंतु ‘पहिला’ या शब्दाने रांगेतील स्थान कळते, कार्याचे मोल कळत नाही. तय्यबजींच्या वारशाची मांडणी मराठीत आणि उर्दूत ज्या पद्धतीने होत आली आहे, तिची चिकित्सा करणे आणि न्यायाधीश या नात्याने त्यांचे खरे देणे कोणते याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जीवनपट

तय्यबजींचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा पंथाचे आणि व्यापारी पेशाचे. वडील मुल्ला तय्यबअली यांनी आपल्या मुलांना इंग्रजी शिक्षण देण्याचा निर्णय त्या काळी घेतला, ही गोष्टच धाडसाची होती. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन १८६० मध्ये इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, परंतु ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन मुंबईत आले.

वकिलीत नाव मिळविल्यानंतर ते १८७३ मध्ये मुंबई महापालिकेत, तर १८८२ मध्ये इलाख्याच्या कायदेमंडळात गेले. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी १८८५ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेच्या उभारणीत दोघा बंधूंचा पुढाकार होता. या संस्थेची शाळा १८८० मध्ये सुरू झाली आणि बोरीबंदर स्थानकासमोरील तिची भव्य इमारत १८९३ मध्ये उभी राहिली. १८९५ मध्ये तय्यबजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले व ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

मराठीतील तय्यबजी : एका प्रसंगाचे पात्र

मराठी वाचकाला तय्यबजी भेटतात ते बहुधा टिळकचरित्रात, आणि तेही एका प्रसंगापुरते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि त्यास जोडून काही मजकूर प्रसिद्ध झाला. त्यानंतर आठवडाभरातच, २२ जून रोजी, प्लेग अधिकारी रँड याच्यावर हल्ला झाला. सरकारने ‘केसरी’तील मजकुरावरून भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली खटला भरला व २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांच्या खंडपीठानेही त्या टप्प्यावर अर्ज नामंजूर केला. प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठविले गेल्यावर पुन्हा अर्ज झाला. तो ४ ऑगस्ट रोजी न्या. तय्यबजींपुढे आला. टिळकांच्या बाजूने बॅ. दिनशा दावर यांनी युक्तिवाद केला आणि तय्यबजींनी जामीन मंजूर केला.

हा प्रसंग मराठीत बहुधा एकाच पद्धतीने सांगितला जातो : एका मुस्लिम न्यायाधीशाने एका हिंदू नेत्याला जामीन दिला, तोही अफझलखानाच्या वधाची चर्चा असलेल्या मजकुराबद्दल. भाषणांतून व जयंतीच्या लेखांतून हे धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून दिले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तथापि या मांडणीत एक मोठा दोष आहे. न्यायाधीशाचा निर्णय हा त्याच्या मनाचा मोठेपणा ठरतो आणि कायद्याचा विचार नजरेआड होतो. न्याय ही जणू देणगी होऊन बसते. एखाद्याने उदार होऊन दिलेली वस्तू तो उद्या रागावून नाकारूही शकतो. हक्काचे तसे नसते. तय्यबजींनी टिळकांवर उपकार केला असे म्हणणे, हे टिळकांचा हक्क आणि तय्यबजींची न्यायबुद्धी या दोहोंना कमी लेखण्यासारखे आहे.

या मांडणीचा दुसरा परिणाम असा, की न्या. रानडे यांनी सहभाग घेतलेल्या नकाराचाही अर्थ मग व्यक्तिगत लावला जातो. टिळक आणि रानडे यांचे सामाजिक प्रश्नांवरील मतभेद सर्वश्रुत असल्याने तसा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही अर्जांची वेळ वेगळी होती. पहिला अर्ज मॅजिस्ट्रेटपुढील चौकशी चालू असताना झाला, दुसरा प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेल्यावर. या फरकाकडे दुर्लक्ष करून एका न्यायाधीशाला उदार आणि दुसऱ्याला अनुदार ठरविणे, हे इतिहासलेखन नव्हे.

जामिनाचा आदेश : तर्काचे स्वरूप

मग या आदेशात खरोखर काय होते? तय्यबजींनी जो प्रश्न मध्यवर्ती मानला तो साधा होता : आरोपी खटल्याच्या वेळी न्यायालयात हजर राहील की नाही? तो हजर राहील अशी खात्री पुरेशा जामीनदारांमुळे मिळत असेल, तर त्याला खटल्यापूर्वी तुरुंगात ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूचाही विचार केला. खटला उभा राहण्यास अवकाश होता. तोवर आरोपीला तुरुंगात ठेवले आणि पुढे तो निर्दोष ठरला, तर भोगलेली कैद परत करता येत नाही. अशा वेळी न्यायाचा हेतूच विफल होतो.

या तर्काचे वैशिष्ट्य असे, की त्यात टिळकांच्या मतांची स्तुती नाही आणि निंदाही नाही. मजकूर राजद्रोहाचा आहे की नाही, याचा निवाडा ज्यूरीपुढे व्हायचा होता. तय्यबजींनी तो प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला. आरोप किती भयंकर आहे यापेक्षा कोठडीचे कारण काय आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सरकार, इंग्रजी वृत्तपत्रे आणि रँडच्या हत्येने हादरलेला गोरा समाज यांचे दडपण असताना असा तर्क मांडणे सोपे नव्हते.

पुढील घटनांवरून या आदेशाचे महत्त्व अधिक कळते. सप्टेंबर १८९७ मध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा विलक्षण अर्थ त्यांनी ज्यूरीला समजावून सांगितला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली. १८९८ मध्ये सरकारने कलम १२४-अ अधिक कडक केले आणि १५३-अ हे नवे कलम आणले. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा खटला झाला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी जामिनासाठी युक्तिवाद केला होता. बॅ. महंमद अली जिना यांनी टिळकांसाठी जामीन मागितला, दावर यांनी तो नाकारला आणि पुढे सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. वकील म्हणून मांडलेले तत्त्व न्यायाधीश झाल्यावर टिकविणे किती कठीण असते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. तय्यबजींची उंची मोजायची तर ती या तुलनेत मोजावी, धर्माच्या तुलनेत नव्हे.

उर्दूतील तय्यबजी : सर सय्यद यांचे प्रतिपक्षी

उर्दू लेखनात तय्यबजी वेगळ्या चौकटीत बसविले गेले आहेत. तेथे ते येतात ते सर सय्यद अहमद खान यांचे प्रतिपक्षी म्हणून. १८८८ मधील दोघांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. काँग्रेस ही मुसलमानांच्या हिताची नाही असे सर सय्यद यांचे म्हणणे होते. सर्व समाजांच्या समान प्रश्नांवर एकत्र काम करावे आणि ज्या ठरावास मुस्लिम प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तो चर्चेस घेऊ नये, अशी तय्यबजींची भूमिका होती. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनाने या आशयाचा नियम स्वीकारला.

राष्ट्रवादी मांडणी येथे थांबते. परंतु याच वर्षी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, तय्यबजींनी ॲलन ह्यूम यांना लिहिलेल्या पत्रात काँग्रेसचे काम निदान पाच वर्षे स्थगित ठेवावे असेही सुचविले होते. मुस्लिम समाजाचा मोठा भाग दूर राहिला असताना संस्थेला संपूर्ण देशाची म्हणता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या चाहत्यांना हे पत्र अडचणीचे वाटते, विरोधकांना ते पराभवाची कबुली वाटते. वस्तुतः त्या पत्रातही जामिनाच्या आदेशातलीच वृत्ती दिसते : समोर असलेली वस्तुस्थिती आपल्या आवडीची नसली तरी ती आधी मान्य करावी आणि मग मार्ग काढावा. ‘राष्ट्रीय मुसलमान’ या लेबलाखाली ही गुंतागुंत दडपली जाते. सर सय्यद आणि तय्यबजी या दोघांनाही शिक्षणाची निकड सारखीच जाणवत होती, हेही त्यामुळे विसरले जाते. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मोहामेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे, म्हणजे सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या परिषदेचे, अध्यक्षपद तय्यबजींनी भूषविले आणि त्या व्यासपीठावरून पडद्याच्या रूढीवर टीका केली, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

चरित्रकार आणि त्यांच्या मर्यादा

तय्यबजींची दोन चरित्रे विशेष उल्लेखनीय आहेत, दोन्ही इंग्रजीत. पहिले त्यांचे पुत्र हुसेन तय्यबजी यांनी लिहिले व ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील माणसाचे लेखन असल्याने त्यात जिव्हाळा आहे. वडिलांना न्यायासनावरून खाली उतरवून तपासणे मात्र पुत्राकडून अपेक्षिता येत नाही. दुसरे ए. जी. नूरानी यांचे, ‘आधुनिक भारताचे शिल्पकार’ या शासकीय मालेत १९६९ मध्ये आलेले. नूरानी स्वतः कायद्याचे जाणकार. भारतातील राजकीय खटल्यांवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु अशा मालेचा उद्देशच राष्ट्रनिर्मात्यांचा परिचय करून देण्याचा असल्याने काँग्रेसचे अध्यक्ष तय्यबजी तेथे पुढे राहतात.

यास एक वस्तुनिष्ठ कारणही आहे. तय्यबजींनी कायद्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे समकालीन, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. अमीर अली यांचे मुस्लिम कायद्यावरील ग्रंथ पुढील पिढ्यांनी वापरले. अलाहाबादचे न्या. सय्यद महमूद, म्हणजे सर सय्यद यांचे पुत्र, आपल्या सविस्तर विरोधी निकालपत्रांमुळे स्मरणात राहिले. १८९१ च्या पोहपी प्रकरणात त्यांनी असे म्हटले, की तुरुंगात असलेल्या आणि वकील नसलेल्या अपीलकर्त्याला केवळ कागदोपत्री संधी दिली म्हणजे त्याचे म्हणणे ऐकले असे होत नाही. तय्यबजींचे काम असे ग्रंथबद्ध नाही. त्यांच्या घराण्यात ग्रंथलेखन केले ते पुत्र फैज तय्यबजी यांनी. मुस्लिम कायद्यावरील त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये आले. म्हणून बद्रुद्दीन तय्यबजींचा वारसा शोधायचा तर तो आदेशांत आणि न्यायालयीन वर्तनात शोधावा लागतो. ते कष्टाचे काम असल्याने ‘पहिलेपणा’ची यादी देणे सोपे ठरले आहे.

अमेरिकेतील एक तुलना

न्यायाधीशाच्या वारशाची चिकित्सा कशी करावी, यासाठी अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल (१७५५-१८३५) यांचे उदाहरण उपयोगी आहे. ते १८०१ पासून मृत्यूपर्यंत त्या पदावर होते. १८०३ च्या मार्बरी खटल्यात त्यांनी संविधानाशी विसंगत कायदा न्यायालय रद्दबातल ठरवू शकते, हे तत्त्व प्रस्थापित केले. १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावर देशद्रोहाचा आरोप झाला. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी खटल्याआधीच बर यांचा अपराध निःसंशय असल्याचे जाहीर केले होते. तरीही मार्शल यांनी आरंभी पुराव्याअभावी देशद्रोहाच्या आरोपाखाली कोठडी देण्यास नकार दिला, दुय्यम आरोपावर जामीन मंजूर केला आणि पुढे देशद्रोहाची व्याख्या संविधानाच्या शब्दांपुरती मर्यादित ठेवली. बर निर्दोष सुटले.

१८०७ चे रिचमंड आणि १८९७ ची मुंबई यांत साम्य आहे, पण फरक अधिक मोठा आहे. मार्शल यांच्या पाठीशी लोकांनी स्वीकारलेले संविधान होते. तय्यबजी परकीय सत्तेने नेमलेले न्यायाधीश होते. कायदा रद्द करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कायद्याने दिलेल्या अल्प अवकाशातच त्यांना न्याय शोधायचा होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकन अभ्यासकांनी मार्शल यांना केवळ पूजनीय ठेवले नाही. मार्शल स्वतः गुलामांचे मालक होते आणि त्याचा त्यांच्या निकालांशी कोणता संबंध होता, याची कठोर छाननी पॉल फिंकलमन यांनी २०१८ मधील ग्रंथात केली. अशा छाननीने मार्शल पुसले गेले नाहीत. ते अधिक नीट कळू लागले. तय्यबजींच्या बाबतीत आपल्याकडे ना पूजा पुरेशी झाली, ना छाननी.

धूलकोटहून पाहताना

तय्यबजींच्या आदेशाची मर्यादा कोणती, हे मुंबईपेक्षा धूलकोटसारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसते. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे गाव जुन्या खानदेशाच्या मुलखातले. परंतु इंग्रजी अमलात खानदेश मुंबई इलाख्यात आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात, अशी वाटणी झाली. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाचा अंमल येथपर्यंत कधी पोहोचला नाही. राज्याच्या सीमेने कागद वेगळे केले, माणसे नाहीत. या भागातील अनेक कुटुंबांची सोयरीक जळगाव जिल्ह्यात आहे. बोहरा समाजाचे नावही येथे परके नाही. बुऱ्हाणपूरची दर्गाह-ए-हकीमी हे दाऊदी बोहरांचे मोठे श्रद्धास्थान आहे. तय्यबजींचा सुलेमानी पंथ सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच प्रवाहापासून वेगळा झाला.

टिळकांना जामीन मिळाला तो मोठ्या रकमेच्या हमीवर, आणि ती हमी देणारे मुंबईत होते. डोंगरपट्ट्यातील शेतमजुरावर किंवा आदिवासी माणसावर किरकोळ आरोप आला, तर त्याला असे जामीनदार कोठून मिळणार? तय्यबजींचे तत्त्व, म्हणजे कोठडी ही शिक्षा नव्हे, हजेरीची हमी हाच जामिनाचा निकष, श्रीमंत आणि गरीब दोघांनाही लागू होते. परंतु हमी पैशात मोजली की तत्त्व गरिबाच्या दाराशी येऊन थांबते.

ही त्रुटी भरून काढण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली आणि त्यास निमित्त झाला मध्य प्रदेशातीलच एक गवंडी. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि मोतीरामच्या भावाला, तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून, जामीनदार म्हणून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी हा नकार चुकीचा ठरविला आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचा प्रश्न देशापुढे आणला. ज्याचे नातलग राज्यसीमेच्या पलीकडे राहतात, त्या सीमावर्ती गावातील माणसाला मोतीराम प्रकरणाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात गेल्यावर सुटकेची तरतूद केली. कलम १२४-अ ची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केली आणि नव्या संहितेत ते नाव उरले नाही. मात्र देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबाबतचे कलम १५२ तेथे आले. तय्यबजींपुढील प्रश्न, म्हणजे खटल्याआधीची कैद कशासाठी, आजही प्रत्येक न्यायालयात रोज उभा राहतो.

समारोप

एकंदरीत, तय्यबजींचा वारसा तीन ठिकाणी विखुरला आहे. मराठीने त्यांना सलोख्याचे प्रतीक केले, उर्दूने सर सय्यद यांच्या वादातील दुसरी बाजू केली, आणि राष्ट्रवादी चरित्रांनी ‘पहिल्यां’च्या यादीत बसविले. या तिन्ही मांडण्यांत न्यायाधीश तय्यबजी हरवतात. त्यांचे खरे देणे असे, की आरोपी कोण आहे, त्याची मते काय आहेत, आपण स्वतः कोणत्या समाजाचे आहोत, हे सारे बाजूला ठेवून कोठडीला कारण विचारता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची मर्यादा अशी, की ते कारण ज्या हमीने दूर झाले ती हमी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती.

अभ्यासकांपुढे दोन कामे आहेत. विधी अहवालांतील तय्यबजींचे निर्णय एकत्र करून ते मराठीत व उर्दूत आणणे, हे पहिले. त्या निर्णयांचे मूल्यमापन निर्णय देणाऱ्याचे नाव झाकून करणे, हे दुसरे आणि अधिक कठीण. शैक्षणिक संस्थांनी तय्यबजींच्या तसबिरीला हार घालणे उचितच आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने त्यांचा १८९७ चा आदेश आणि मोतीराम प्रकरणाचा निकाल शेजारी ठेवून वाचला, तर तय्यबजींना अधिक आवडले असते असे मानण्यास जागा आहे.